सोसायटीच्या श्रवण गटावरची चर्चा (नावांच्या जागी घरांचे क्रमांक): शिनेड ओकॉनरचा पहिला अल्बम

बी-७०३ (संयोजक)
सर्वांना नमस्कार. मागच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे या पंधरवड्यात आपण आयरिश गायिका शिनेड ओकॉनर हिचा पहिला अल्बम, ‘द लायन अँड द कोब्रा’, ऐकत आहोत. तो नोव्हेंबर १९८७ मध्ये आला, तेव्हा तिला एकविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर अवकाश होता. गाणी नऊच आहेत. सगळी ऐकायला सवड नसेल त्यांनी पहिले ‘जॅकी’, दुसरे ‘मंडिंका’ आणि सहावे ‘ट्रॉय’ एवढी तरी शांतपणे, शक्यतो हेडफोन लावून ऐकावीत. भाजी फोडणीला टाकता टाकता ‘ट्रॉय’ लावू नये, कारण सुरुवातीला काही ऐकू येणार नाही आणि नंतर हातातला झारा पडेल. तिने १९९२ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर पोपचे छायाचित्र फाडले, ही हकिकत बहुतेकांना ठाऊक आहे. ती या अल्बमनंतर पाच वर्षांनी घडली, म्हणून आज त्या प्रसंगावर चर्चा नको, ही विनंती.

ए-२०१
सहावे गाणे मी शेवटपर्यंत ऐकले, हे आधीच नोंदवतो, म्हणजे अर्धवट ऐकून नावे ठेवली असे कोणी म्हणणार नाही. गाणे साडेसहा मिनिटांचे आहे. सुरुवातीला बाई इतक्या हळू गातात की मला आवाज वाढवावा लागला, आणि पुढे त्यांनी असा काही सूर लावला की आमच्या सौभाग्यवती काय झाले म्हणून आतून बाहेर आल्या. माझा आक्षेप इंग्रजी गाण्याला नाही, उंच सुरालाही नाही. तार सप्तकात जाणारे गायक मी पन्नास वर्षे ऐकत आलो आहे. पण तिथे जाण्याची वाट असते, एकेक पायरी चढून षड्जाला भिडायचे असते, आणि भिडल्यावर आवाज गोल राहिला पाहिजे. इथे वाट नाही, थेट कडेलोट आहे. दुसरे असे की दुःख श्रोत्याच्या मनात उमटावे. गाणाऱ्यानेच रडून घेतले तर आमच्यासाठी उरते काय?

सी-४०४
काका, मलाही अल्बम पूर्ण आवडला नाही, पण माझे कारण उलटे आहे. आवाजाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याभोवतीच्या वाद्यमेळाबद्दल. ‘जेरुसलेम’ किंवा ‘आय वॉन्ट युअर (हँड्स ऑन मी)’ ऐकताना ड्रमचा तो मोठ्या दालनात दार आपटल्यासारखा आवाज येतो आणि आपण थेट त्या दशकात जाऊन पडतो. मी स्वतः ड्रम वाजवतो, त्यामुळे माझा कान तिकडेच जातो, हा माझा दोष समजावा. ‘मंडिंका’मध्ये मात्र ही अडचण येत नाही, कारण तिथे गिटार पुढे आहे. अॅडम अँड द अँट्स या बँडमधल्या मार्को पिरोनीने ती वाजवली आहे, आणि तिच्या धारदारपणाला गायिकेचा आवाज पुरून उरतो. एकंदरीत मला हा एक अल्बम न वाटता चार वेगवेगळ्या अल्बमांतली गाणी एकत्र बांधल्यासारखी वाटली.

बी-१०२
मला इंग्रजी गाण्यातले शब्द पटकन कळत नाहीत, म्हणून नातवाने ‘जॅकी’चा अर्थ समजावून सांगितला. समुद्रावर गेलेला नवरा परत आलेला नाही, लोक सांगतात की तो बुडाला, आणि ती बाई ते मानायला तयार नाही. वर्षानुवर्षे किनाऱ्यावर फिरत त्याची वाट पाहते आणि शेवटी आपण ऐकतो तो तिच्या भुताचाच आवाज आहे, असे काहीसे ते गाणे आहे. माझे माहेर वेंगुर्ल्याजवळचे आहे. वादळात सापडलेल्या होडीची वाट पाहणाऱ्या बायका मी लहानपणी बंदरावर पाहिल्या आहेत, आणि त्या आरडाओरडा करत नसत. एकमेकींशी अगदी खालच्या आवाजात, कोरड्या स्वरात बोलत असत. हे गाणे तसेच सुरू होते. खाली गिटारची नुसती घुरघुर आणि वर पुटपुटल्यासारखा आवाज. मग तोच आवाज एकदम वरच्या पट्टीत उसळतो. ए-२०१ भाऊजींना तो कडेलोट वाटला असेल, पण बातमी पक्की झाल्यावर बंदरावर जे व्हायचे, ते याच तऱ्हेने व्हायचे. मधली पायरी नसायची. आमच्याकडे याला हेल काढून रडणे म्हणतात.

बी-७०३ (संयोजक)
काकूंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. आयर्लंडमध्ये मृताजवळ बसून शोक करण्याची जुनी रीत होती, तिला कीनिंग म्हणतात. हे काम बायकाच करत, आणि त्यात निपुण असलेल्या बायकांना मुद्दाम बोलावून त्याचा मोबदलाही दिला जाई. मृताला नावाने हाक मारायची, त्याचे गुण आणि कूळ खालच्या, बोलल्यासारख्या स्वरात सांगायचे आणि मग सगळ्यांनी मिळून शब्द नसलेला टाहो फोडायचा, अशी त्याची साधारण बांधणी असे. चर्चच्या धर्मगुरूंनी या रितीला अनेक पिढ्या विरोध केला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती जवळजवळ नामशेष झाली. शिनेडने हे कोणाकडून शिकून घेतले असा माझा दावा नाही, पण ‘जॅकी’ची आणि ‘ट्रॉय’ची बांधणी मला हीच वाटते. आधी कथन, मग टाहो.

पण एक गोष्ट माझ्या मताच्या विरोधात जाते, तीही सांगायला हवी. आयरिश भाषेतल्या शॅन-नोस या परंपरागत गायनात साथीला वाद्य नसते, अलंकरण पुष्कळ असते, पण आवाज लहान-मोठा करून भावना दाखवण्याची पद्धत त्यात नाही. त्या परंपरेतला जुना गायकही ‘ट्रॉय’ ऐकून काकांसारखाच दचकला असता.

आता ‘ट्रॉय’च्या शब्दांकडे वळते. डब्ल्यू. बी. येट्स या आयरिश कवीची मॉड गॉन या स्त्रीला उद्देशून लिहिलेली एक छोटी कविता आहे. मॉड गॉन ही राष्ट्रवादी चळवळीतली कार्यकर्ती होती, येट्स तिच्या प्रेमात होता आणि तिने त्याला वारंवार नकार दिला होता. अशा बाईला दोष तरी काय द्यायचा, तिला जाळायला (ग्रीक कथेत हेलनपायी जळालेल्या ट्रॉयसारखे) दुसरे ट्रॉय नगर होते तरी कुठे, अशा आशयाच्या प्रश्नावर ती कविता संपते. शिनेडने तो प्रश्न उचलला आणि कवीच्या हातून काढून बाईच्या तोंडी दिला. कवितेत जिच्याविषयी बोलले जाते, ती इथे स्वतः बोलते. विशीतल्या मुलीने आपल्या देशाच्या सर्वांत मान्यवर कवीशी असे वागणे मला आजही धाडसाचे वाटते.

या गाण्यात प्रियकराशी भांडण आहे, पण तेवढेच नाही. लहानपणी आईने तिला घराबाहेर बागेत राहायला लावले होते, त्या दिवसांची आठवणही त्यात आहे, असे तिने पुढे सांगितले. तिची आई १९८५ साली मोटार अपघातात गेली. त्याआधी, किशोरवयात, तिला डब्लिनमधल्या नन्सच्या एका संस्थेत सुमारे दीड वर्ष ठेवले होते. तिला गिटार मिळाली ती तिथल्याच एका ननकडून.

ए-२०१
ही माहिती मोलाची आहे आणि वाचून वाईटही वाटले. पण क्षमा असावी, गायिकेच्या आयुष्यातले दुःख हे गाण्याचे गुणपत्रक होऊ शकत नाही. आई निर्दय होती म्हणून सूर बरोबर लागला, असे म्हणता येणार नाही. तुम्ही हे सगळे सांगितले नसते तर गाणे चांगले ठरले असते की नाही, एवढेच मला सांगा.

बी-७०३ (संयोजक)
काकांचा मुद्दा मला मान्य आहे. मी नको तितकी चरित्रात शिरले. मग फक्त कानांनी ऐकू. गाण्यातली सर्वांत मोठी आरोळी कुठे आहे ते शोधून तिच्या लगेच पुढचा शब्द ऐका. आवाज भरभर विरत कुजबुजीवर येतो आणि सूर जागचा हलत नाही. ज्याचा स्वतःवरचा ताबा सुटला आहे, तो माणूस आरोळीतून असा एका श्वासात परत येत नाही. त्याला धाप लागते, सूर खाली घसरतो. आरोळीतही ती सुरांना अकारण कंप देत नाही. स्वर सरळ रेघेसारखा ठेवते, म्हणून तो टोचतो. तुम्हाला जो स्वर गोल हवा आहे, तो तिने मुद्दाम टोकदार ठेवला आहे, असे माझे मत आहे. हे आवडावे असा आग्रह नाही. पण त्याला बेसूर किंवा बेताल म्हणता येणार नाही.

आणखी एक. या अल्बमचे पहिले रेकॉर्डिंग एका नामवंत निर्मात्याने, मिक ग्लॉसप यांनी केले होते. ते तिला पसंत पडले नाही, ते बाजूला ठेवले गेले आणि गरोदरपणात तिने निर्मितीची सूत्रे स्वतःकडे घेऊन सगळे पुन्हा उभे केले. म्हणजे कुठे हळू आणि कुठे मोठे, हे ठरवणारीही तीच होती. सी-४०४ला जे चार अल्बम ऐकू आले, त्याचेही कारण कदाचित यातच असावे. आपल्याला जे जे करता येते ते ते पहिल्याच संधीत करून पाहण्याची ती घाई असेल.

ए-६०५
मला एक वेगळी गोष्ट नोंदवायची आहे. माझ्याकडे दोन प्रती आहेत, एक युरोपातली आणि दुसरी अमेरिकेत घेतलेली. युरोपातल्या मुखपृष्ठावर तिचे तोंड किंचाळल्यासारखे उघडलेले आहे, तर अमेरिकेतल्या प्रतीवर ती तोंड मिटून, नजर खाली करून उभी आहे, कारण पहिले छायाचित्र तिथल्या लोकांना फार आक्रमक वाटेल अशी कंपनीला भीती होती. गाणी दोन्हींत तीच आहेत! म्हणजे श्रोत्यांचे दोन तट पडणार हे विकणाऱ्यांना आधीच ठाऊक होते. तिने केस वाढवावेत आणि जरा नटावे, असेही त्यांचे म्हणणे होते, आणि त्यावर तिने न्हाव्याकडे जाऊन गोटा केला. खरे सांगायचे तर एखादा पुरुष रॉक गायक याच पट्टीत ओरडला असता, तर आपण त्याला जोश म्हटले असते.

ए-२०१
मला पुरुषांचे ओरडणेही आवडत नाही. तेव्हा हा आरोप मला लागू होत नाही, एवढे नम्रपणे कळवतो.

सी-४०४
काकांची बाजू घेऊन सांगतो की जोश हा शब्दही इथे अपुरा आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये तिने ग्रॅमी समारंभात ‘मंडिंका’ सादर केले, त्याची चित्रफीत काल पाहिली. सर्वोत्कृष्ट रॉक गायिकेच्या नामांकनात ती होती, पुरस्कार मात्र टीना टर्नर यांना मिळाला. त्या वर्षी रॅप संगीताला पहिल्यांदाच पुरस्कार दिला गेला, पण तो दूरचित्रवाणीवर दाखवायचा नाही असे आयोजकांनी ठरवले होते, म्हणून तिने पब्लिक एनिमी या रॅप गटाचे बोधचिन्ह डोक्याच्या एका बाजूला रंगवून घेतले होते. रंगमंचावर ती जवळजवळ एकटीच दिसते, भोवती झगमगाट नाही, तरी समोरच्या प्रचंड दालनावर तिचा आवाज पसरतो. ड्रमबद्दलचे माझे म्हणणे कायम आहे, पण हे गाणे अमेरिकी लेखक एलेक्स हेलींच्या ‘रूट्स’ या गुलामगिरीवरच्या कथेवरून सुचलेले आहे हे कळल्यावर शीर्षकाचा उलगडा झाला, आफ्रिकेतल्या एका लोकसमूहाचे ते नाव आहे. आयरिश मुलीने ते का घ्यावे, यावर मात्र मी अजून विचार करतो आहे.

बी-१०२
अल्बमच्या नावाचा अर्थ कोणी सांगितला नाही. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती बाईंना विचारले, तर त्यांनी मराठी बायबल उघडून स्तोत्रसंहितेतले एक्याण्णवावे स्तोत्र दाखवले. देवावर भरवसा ठेवणारा सिंहाला आणि नागाला पायाखाली तुडवील, असे त्यात म्हटले आहे. पाचव्या गाण्याच्या सुरुवातीला एक बाई काहीतरी मंत्र म्हटल्यासारखे बोलते, ते हेच का?

बी-७०३ (संयोजक)
होय काकू, तेच. ते आयरिश भाषेत आहे आणि म्हणणारी आयरिश गायिका एन्या आहे. तिचे स्वतःचे नाव पुढच्याच वर्षी जगभर झाले. काकांनी हे पाचवे गाणे, ‘नेव्हर गेट ओल्ड’, ऐकले नसेल तर जरूर ऐकावे. त्यात कोणी दचकत नाही.

ए-२०१
ऐकले. पठण सुंदर आहे, त्या भाषेचा उच्चार कानाला फार गोड लागतो. संयोजक ताईंच्या सांगण्यावरून शिनेडच्या १९९० सालच्या दुसऱ्या अल्बममधले ‘आय अॅम स्ट्रेच्ड ऑन युअर ग्रेव्ह’ हेही ऐकले. जुन्या आयरिश कवितेचा तो इंग्रजी अनुवाद आहे आणि त्याखाली जेम्स ब्राउनच्या एका ध्वनिमुद्रिकेतून घेतलेला ड्रमचा ठेका फिरत राहतो, असे सी-४०४ने सांगितले. तिथे ती एकदाही ओरडत नाही, चाल एखाद्या अभंगासारखी साधी ठेवते आणि प्रेयसीच्या थडग्यावर निजलेल्या माणसाचे दुःख माझ्यापर्यंत पोहोचते. म्हणजे तिला ते येत होते. मग तीन वर्षे आधी ‘ट्रॉय’मध्ये तिने ते का केले नाही, हा माझा प्रश्न उलट अधिकच बळकट झाला आहे.

बी-१०२
भाऊजी, तीन वर्षांनी थडग्याजवळ शांत बसता येते. पहिल्या दिवशी नाही येत.

ए-२०१
काकू, यावर माझ्याकडे लगेच उत्तर नाही. ‘ट्रॉय’ मात्र मी पुन्हा लावणार नाही, आणि कोणाला लावायचे असेल तर रात्री दहानंतर लावू नये. ए-३०१मधला आवाज आमच्या छतातून स्पष्ट ऐकू येतो.