पऱ्या, पिलर आणि पाऊस : सोसायटीच्या ग्रुपवर

ए-१०२ : नमस्कार मंडळी. सी विंगमागचा पऱ्या (ओहोळ) उपसायला जे जे आले त्यांचे मनापासून आभार. पण फोटोंना अंगठे देऊन विषय मिटू नये, म्हणून सविस्तर लिहितेय.
पऱ्यातून काय काय निघालं? गुटख्याच्या पुड्या, डायपर, मासळीचे थर्माकोलचे खोके, आंब्याच्या पेट्यांतला कुजका पेंढा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ मारून टाकलेलं निर्माल्य. सगळं पाणी जायच्या मोरीच्या तोंडाशी दाबून बसलेलं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तेवढं पाणी पुढे जायला वाट नसेल तर ते मागेच फिरणार. गेल्या पावसात ते सी विंगच्या पायाशी साचून राहिलं आणि तिथल्याच पिलरला तडे गेलेत. त्यामुळे सफाई वेगळी नि दुरुस्ती वेगळी, असं कृपया धरू नका. दोन्हींसाठी सगळ्यांनाच जादा वर्गणी काढावी लागेल.

सी-३०४ : ताई, काम उत्तम झालं. पण पलीकडच्या वाडीतले लोक परत टाकणार. आपण किती उपसायचं?

ए-१०२ : दादा, कुरिअरची पाकिटं निघाली त्यांच्यावर आपल्याच फ्लॅटचे नंबर होते. ते फोटो टाकत नाही, कुणाला लाजवायचं नाहीये. आणि घमेली-फावडी वाडीतूनच आली, कमरेएवढ्या गाळात आधी उतरले तेही वाडीतलेच. पऱ्या दोघांचा आहे.

सी-००२ : आमच्या तळमजल्याचं सांगते. भिंतीला कंबरेपर्यंत ओल आहे. मुलीची पुस्तकं कपाटात ठेवली तरी बुरशी धरते. रात्री उंदरांचा नुसता धिंगाणा. पावसाळ्यात लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती वाटते म्हणून मुलांना मागच्या बाजूला पाठवतच नाही. गेल्या वर्षी रंग दिला होता, गणपतीपर्यंतसुद्धा टिकला नाही.

बी-२०१ : वहिनी, रंगाने हे जाणार नाही. मी नोकरीभर बांधकामच पाहिलं, म्हणून सांगतो. आपल्याकडे हवा खारी. खार नि ओल काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून आतून दाब येऊन काँक्रीट फुटतं. काल सी विंगच्या कोपऱ्यातल्या पिलरवर हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. वर टणक आवाज, खाली फुटभर उंचीपर्यंत भदभद. गिलावा हाताने निघाला, आतली सळई पापुद्रे सुटलेली.
आधी पाण्याला वाट द्यायची, प्लिंथला (जोत्याला) लागून उतार करायचा. मग सैल काँक्रीट काढून, सळई घासून गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला). सळई फारच खंगलेली असेल तर जॅकेटिंग, म्हणजे पिलरभोवती नव्या काँक्रीटचं आवरण. पण हे मी नुसतं बघून ठरवणार नाही. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची पाच मजली इमारत कोसळली, तिला तर दहा वर्षंही झाली नव्हती. इमारतीचं वय बघून निर्धास्त राहू नये.

बी-४०३ : मी मुंबईला असतो, फ्लॅट वर्षभर बंद. पाणी वापरत नाही, कचरा करत नाही. मग जादा वर्गणी का? शिवाय सी विंगचं दुखणं सी विंगने बघावं.

सचिव : दादा, गैरसमज नको, नियम सांगतो. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) किमान ०.२५ टक्के. हा प्रत्येक सभासदाला लागू असतो, फ्लॅट उघडा असो की बंद. जमीन, पाया, गटार सामाईक आहे, ते विंगेप्रमाणे वाटता येत नाही. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. आपलं राहिलंय, ते आता टाळता येणार नाही.

सी-००२ : बी-४०३, एक विनंती. तुमच्या बंद फ्लॅटच्या बाल्कनीची पाणी जायची नळी पाल्याने भरलीय, पाणी खालच्या भिंतीत उतरतं. किल्ली कुणाकडे तरी ठेवाल का?

बी-४०३ : हे माहीत नव्हतं. किल्ली बी-२०१ काकांकडे पाठवतो, साफ करून घ्या. वर्गणीचं सभेत बोलू.

ए-१०२ : छान झालं. आता कचऱ्याचं. घंटागाडी येईल तेव्हा ओला, सुका असा कचरा वेगवेगळा करूनच द्यायचा, २०१६ च्या नियमांपासून ते बंधनकारक आहे. वेंगुर्ल्यात जुन्या डंपिंग ग्राउंडची बाग झाली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो आणि पालापाचोळ्याच्या कांड्या. छोटं कोकणी गाव करतं, तर तीन विंगांना काय अवघड आहे? पातेरा (वाळका पाला) मात्र कुणी जाळू नका, माडांच्या आळ्यात घालू. निर्माल्यासाठी वेगळा पिंप ठेवूया.

सी-३०४ : पिंप मी देतो. वाडीतल्या मंडळींशीही बोलतो, त्यांनाही एक हवा असेल.

सचिव : मृगाच्या आत कामं उरकायची तर घाई आहे. विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते, ती आज फलकावर लावतो. ग्रुपवरचं ‘हो’ म्हणजे ठराव नव्हे, प्रत्यक्ष या. विषय दोनच : ऑडिट आणि पऱ्याकडचं गटार, दोन्हींच्या वर्गणीसकट.

ए-१०२ : आणि शनिवारी सकाळी सातला मोरीपाशी, उरलेला गाळ काढायला. गमबूट घालूनच या. पायाला जखम असेल त्यांनी पाण्यात उतरू नका, काठावरून घमेली घ्या.

बी-२०१ : माझ्याकडे गमबुटांचे दोन जोड जादा आहेत, आठ आणि नऊ नंबर. जिन्याखाली ठेवतो.