रोजची गाडी, कधीमधी ड्रॅग : मागे १५ इंची रिम घेऊ का?

मागचंचाक : रिअर व्हील ड्राइव्ह गाडी, चारही रिम १८ इंची. आठवडाभर ऑफिस, महिन्यातून एखाद्या रविवारी पाव मैलाची ड्रॅग शर्यत. लाँचला, म्हणजे उभ्या गाडीतून सुटताना, मागची चाकं जागच्या जागी फिरतात, धूर तेवढा झकास निघतो. मागे १५ इंची रिम आणि ड्रॅग रेडियल (ड्रॅग शर्यतीचे टायर) घ्यायचं डोक्यात आहे. वजन उतरवायला पुढचीही अरुंद करू का?

नटबोल्ट : पुढची अजिबात नको. ब्रेकचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. रस्त्यावर मध्येच कुणी आलं की कळेल.

खडूवाला : मागचा विचार बरोबर आहे. टायरची बाहेरची उंची २६ इंच धरा. १८च्या रिमवर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) उरते ४ इंच, १५वर साडेपाच. लाँचचा झटका ती साइडवॉल दुमडून पिते, म्हणून रबर रस्ता सोडत नाही. बाहेरची उंची मात्र बदलू नका, नाहीतर गिअरिंगचं गणित बदलतं.

पण आधी कॅलिपर, म्हणजे रिमच्या आत बसणारा ब्रेकचा चिमटा, मोजा! मी पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) जुळवला, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) जुळवला आणि खूश होऊन १५ची रिम चढवली. नट हातानेच आवळून चाक फिरवलं तर रिम कॅलिपरला घासून खर्रर्र. रिम परत. आता १७वर आहे. दुसऱ्या वेळी वहीच्या पुठ्ठ्यातून कॅलिपरचा साचा कापून नेला होता, दुकानदार हसला, हसू दे.

दुसरं, रिम आणि टायरवर मिळून खडूची एक सरळ रेघ मारा. ट्रॅकवर मी हवा १८ पीएसआयवर आणतो. एकदा पळवून आलो तर रेघेचे दोन तुकडे, मध्ये चार बोटांचं अंतर. टायर रिमवर सरकला होता. बॅलन्सिंग गेलं, घरी येईपर्यंत सीट थरथरत होती.

मागचंचाक : पुठ्ठा कापला. १५ नाहीच, १६ जेमतेम बसेल. मग रोज तीच ठेवू?

खडूवाला : नको. ड्रॅग रेडियलचं रबर मऊ, रोजच्या रस्त्यावर भराभर झिजतं आणि साचलेल्या पाण्यात पकड सोडतं. रोजला १८च राहू द्या, १६ची जोडी डिकीत टाकून न्या. नव्या रिमला नट कोणता लागतो तेही बघा, टेपर की गोल बुडाचा. बसक चुकली तर कितीही आवळा, सैल होणारच.

नटबोल्ट : आणि टॉर्क रेंच न्या. पान्यावर उभं राहून आवळू नका, नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो.