रोजच्या वापराला जुनी प्रीमिअर पद्मिनी (फियाट) झेपेल का? बजेट २ लाख, नाशिक

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. सध्या २०१९ ची हॅचबॅक आहे. चालते बरी पण डोकं उठवलंय. पावसात दाराचा सेन्सर खुळ्यासारखा करतो, चारही दारं घट्ट बंद आणि गाडी दार उघडं म्हणून कोकलतेय. परवा स्क्रीनच काळी पडली, आणि एसीही त्याच स्क्रीनमधे असल्यामुळे द्वारका सर्कलला काचा खाली करून घाम पुसत बसलो. गॅरेजवाल्याने लॅपटॉप जोडला आणि म्हणाला मॉड्यूल बदला, रिपेअर होत नाही. आकडा ऐकून तसाच घरी आलो.

तर ही विकून पान्ह्याने उघडता येईल अशी एखादी जुनी गाडी घ्यायचं डोक्यात आहे. मनात पद्मिनी. इंदिरानगर ते सातपूर एमआयडीसी रोजचं जाणं-येणं, महिन्याकाठी एखादी चक्कर कसारा घाटातून डोंबिवलीला. गाडी आणि सुरुवातीचं काम मिळून २ लाख, त्यावर एक रुपया नाही. बायकोपण चालवणार. तिची अट एवढीच की रस्त्यात बंद पडली तर ती गाडी आहे तिथे सोडून रिक्षाने घरी येईल.

कार्बोरेटर_काका:
घ्या हो बिनधास्त! माझी १९८७ ची, वडिलांनी नंबर लावून घेतलेली, अजून रोज मंडईत जाते. कुर्ल्याच्या कारखान्यातला माल आहे, पत्रा असा की आजच्या गाडीने घासलं तर त्या गाडीचा बंपर हातात येतो. मुंबईत एवढी वर्षं टॅक्सी म्हणून पळाली ती काय उगाच? १०८९ सीसी, साधं इंजिन, कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून उघडेल. हँड गिअर (स्टिअरिंगजवळचा) पहिले दोन दिवस विचित्र वाटतो, मग हात आपोआप जातो. आमची ही पन्नाशीत शिकली.

निमिष_पुणे:
"कुठलाही मेकॅनिक" हे २००५ पर्यंत खरं होतं काका. आत्ताच्या पंचविशीतल्या पोराला सीबी पॉइंटचा (ठिणगीच्या वेळेचा स्विच) गॅप लावायला सांगा, तो आधी मोबाइल काढेल. धागाकर्त्यांनी गाडी शोधायच्या आधी मेकॅनिक शोधावा असं माझं मत.

कॉन्टेसाप्रेमी:
पद्मिनीत पाय ठेवायला तरी जागा आहे का? कॉन्टेसा बघा. १.८ लिटर इसुझू इंजिन, सोफ्यासारखी सीट, रस्त्यावर सगळे वळून बघतात. आमच्याकडची पूर्ण रिस्टोअर केलेली आहे, फक्त रंगालाच दीड लाख गेले पण कसं काम झालंय! चांगली गाडी सहा-सात लाखात मिळून जाईल. मायलेज शहरात ८ देते, पण क्लासिक घेताना मायलेज कोण बघतं.

सातपूरकर:
मी बघतो. आणि बजेट २ आहे.

कॉन्टेसाप्रेमी:
थोडं ताणा हो, एकदाच घ्यायची असते.

झेनवाला:
इतका विचार कशाला? १९९९-२००० नंतरची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) मारुती झेन घ्या. दीड लाखाच्या आत मस्त गाडी मिळते, पॉवर स्टिअरिंग असलेली बघा, एसी बर्फ करतो, पार्ट मिळतात, चोक नाही की काही नाही. कसारा घाट तिसऱ्यावर चढते. माझी सव्वा दोन लाख किलोमीटर झाली, हेड अजून उघडलेलं नाही.

कार्बोरेटर_काका:
झेन क्लासिक कधीपासून झाली? ती तर कालपरवाची गाडी.

झेनवाला:
१९९३ ला आली काका. तेव्हा जन्मलेल्यांची पोरं आता शाळेत जातात.

सुरक्षितअंतर:
कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. हँड गिअरच्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. एबीएस नाही, एअरबॅग नाही, डोक्यामागे हेडरेस्ट नाही. ट्रक पावसात कसाऱ्याला अचानक ब्रेक मारतात, तेव्हा "पत्रा जाड आहे" या भरवशावर बसू नये, जाड पत्रा स्वतः चेपत नाही म्हणून सगळा धक्का आतल्या माणसाला बसतो. माझं स्पष्ट मत, आहे ती गाडी ठेवा आणि सेन्सर बाहेरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. शंभरातल्या नव्वद वेळा कनेक्टरमधे पाणी गेलेलं असतं, मॉड्यूल धडधाकट असतं.

गोदाकाठ:
+१. आणि दिल्लीत १५ वर्षांची पेट्रोल गाडी बंद केलीये ती बातमी वाचली नाही का? उद्या इकडेही येईल, मग भंगारात घाला.

अर्जदार_हजर:
@गोदाकाठ, ते दिल्ली-एनसीआरपुरतं आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी १५ वर्षांनंतर पासिंग करून घेतली की आरसी ५ वर्षांसाठी पुढे जाते, परत पासिंग, परत ५. मात्र ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी १०,००० झाली आहे, आधी ५,००० होती. हरित कर वेगळा, पीयूसी वेगळी, नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरची) पाटी लावलेली आहे का तेही बघा. आरसी संपून पडलेली गाडी "स्वस्तात" मिळते ती याचसाठी, मागचा दंड साठत गेलेला असतो आणि तो तुमच्या गळ्यात येतो. विमा इतक्या जुन्या गाडीला बहुतेकदा थर्ड पार्टीच मिळतो, म्हणजे चोरीला गेली तर गेली.

घाटमाथा:
यापेक्षा ५० वर्षं झालेली फियाट घ्या ना, व्हिंटेजमधे नोंदवा, वेगळा नंबर मिळतो, आरटीओची कटकट कायमची संपली.

अर्जदार_हजर:
असं कृपया करू नका. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो हे खरं, नोंदणी फी २०,०००, मुदत १० वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला काढताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं एवढंच. सातपूरला ड्युटीला जाणं यात बसत नाही.

घाटमाथा:
पकडतंय कोण?

निशिगंधा:
दादा, तुमच्या बायकोने पद्मिनी एकदा तरी चालवून बघितलीये का? आमच्याकडे होती, लग्नानंतर दोन वर्षं मीच चालवायचे. हलताना स्टिअरिंग ठीक, पण कॉलेज रोडला पॅरलल पार्किंग करताना खांदे निघतात. सकाळी चोक ओढा, गरम होईपर्यंत पाय अॅक्सिलरेटरवर ठेवा, घाईत जास्त पंप मारला तर पेट्रोल जास्त होतं मग पाच मिनिटं थांबा. मे महिन्यात एसी नाही. डॅशखाली वेगळा एसी बसवून देतात काही जण, पण सुरू केला की गाडीची चाल लगेच पडते. मला ती गाडी आवडायची हो, खिडकीची ती तिकोनी काच फिरवली की वारा थेट तोंडावर यायचा. पण मुलगी झाल्यावर विकली आणि वाईटही वाटलं नाही.

तिसरा_गिअर:
कोल्हापूरला उद्यमनगरात आमचं बोअरिंग-होनिंगचं काम आहे, जुनी इंजिनं रोज टेबलावर येतात म्हणून सांगतो. लोक इंजिन ऐकून गाडी घेतात. इंजिन कसंही असलं तरी बांधता येतं, रिंग-पिस्टन, बेअरिंग, नाही मिळालं तर लेथवर करून मिळतं. पत्रा सडला की संपलं. गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक घेऊन जा. दाराखालचा पत्रा, चाकावरची कमान, डिकीत स्टेपनीखालचा खळगा, सगळीकडे लावून बघा. चिकटला नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग पायाखालचं मॅटिंग उचला, कितीही "साहेब, ते चिकटवलंय" म्हणाला तरी उचलाच. पुढचं सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं तिथे वेल्डिंगचे ताजे ठिपके दिसले तर चहा पिऊन परत या.

दुसरं, टॅक्सीची गाडी रंगवून विकतात. दाराचं रबर सोलून बघा, खाली काळा रंग सापडतो. आरसीत खासगी लिहिलंय का ते बघा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमधे नोंदवलेली, २० वर्षांची मुदत २०२३ ला संपली. त्यामुळे त्या सुमारास कोण कुठून काय घेऊन आला याचा भरवसा नाही.

तिसरं, पेट्रोल. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. जुने काळे रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं यांना ते मानवत नाही, फुगतात नाहीतर चिरतात. गाडी घेतल्याबरोबर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे पाइप नवीन, इथेनॉल चालणारे घाला. हा फार खर्च नाही, पण न केल्यास गरम इंजिनवर पेट्रोल गळतं, बाकी सांगायला नको. एक मात्र आहे, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीपेक्षा रोज चालणारी गाडी बरी. त्या बाबतीत तुमचा बेत चुकीचा नाही.

२ लाखात सव्वा लाखाची गाडी घ्या, बाकीचे ब्रेक, पाइप, वायरिंग आणि टायरला ठेवा. २ लाखाची घेतलीत तर पहिल्या महिन्यातच उधारी.

कार्बोरेटर_काका:
हेच मी सांगत होतो.

निमिष_पुणे:
काका तुम्ही बंपर सांगत होतात.

घाटमाथा:
कसाऱ्याला उन्हाळ्यात पद्मिनीचं पेट्रोल लॉक होतं ते कोणी सांगितलंच नाही. चढावर इंजिन तापतं, पंपातच पेट्रोलची वाफ होते, गाडी आचके देऊन बंद. उपाय सोपा, पंपावर ओलं फडकं टाका, दहा मिनिटं बिडी ओढा, चालू होते.

कार्बोरेटर_काका:
फडकं नाही, पंपाच्या पाइपला लाकडी कपड्याचे चिमटे लावायचे. खात्रीचा उपाय.

झेनवाला:
चिमट्याने काय होणार? विज्ञान तरी सांगा.

कार्बोरेटर_काका:
विज्ञान माहीत नाही. माझी बंद पडत नाही.

तिसरा_गिअर:
इलेक्ट्रिक पंप मागे टाकीजवळ लावा म्हणजे विषय संपला. फक्त कार्बोरेटरसाठीचा कमी प्रेशरचा घ्या. भंगारातून एमपीएफआय गाडीचा पंप आणून लावतात काही जण, त्याचं प्रेशर कार्बोरेटरच्या नीडलला झेपत नाही, पेट्रोल ओसंडतं.

घाटमाथा:
ओल्या फडक्याला खर्च शून्य.

पत्रेवाला:
उशिरा आलो. धागा पूर्ण वाचला नाही. कोणी प्रीमिअरचीच ११८ एनई सुचवली असेल तर ऐकू नका. निसान इंजिन चांगलं आहे, ११७१ सीसी, फ्लोअर गिअर, पद्मिनीपेक्षा चालवायला हलकी, सगळं मान्य. पण बॉडीचं काहीही मिळत नाही. मागचा दिवा फुटला की मुंबईत ऑपेरा हाउसच्या दुकानांतून फिरा, दुकानदार हसतो. पद्मिनीचे पार्ट निदान टॅक्सीमुळे गोडाउनांतून पडून तरी आहेत. ११८ च्या मालकांना मी नेहमी दोनच ठिकाणी पाहतो, भंगारवाल्याकडे आणि दुसऱ्या ११८ वाल्याच्या दारात.

सुरक्षितअंतर:
कोणीच सुचवली नव्हती, तुम्हीच नाव काढलंत.

गोदाकाठ:
अवांतर: सिंहस्थाच्या कामांनी निम्मं नाशिक खोदून ठेवलंय, त्या खड्ड्यांत नवीन गाडी काय नि जुनी काय. महापालिकेने...

(यापुढचे रस्त्यांवरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. संपादक)

सातपूरकर:
सर्वांचे आभार. तिसरा_गिअर भाऊंचा प्रतिसाद छापून खिशात ठेवला होता. पद्मिनी पाहिल्या बऱ्याच. एकीला लोहचुंबक फक्त बोनेटला चिकटला. दुसरी सुरेख होती पण आरसी संपून वर्षं झालेली. देवळाली कॅम्पला एक खरंच चांगली होती, पण बायकोने पार्किंगला लावून बघितली आणि शांतपणे किल्ली त्या गृहस्थांच्या हातात परत दिली. निशिगंधा ताई, तुमचं बरोबर निघालं.

तर घेतली. १९९१ ची ११८ एनई, सिन्नरच्या एका निवृत्त मास्तरांची, पहिलाच मालक, आरसी २०२९ पर्यंत, खालून पत्रा कोरा. १ लाख १० हजार. पाइप सगळे बदलले, ब्रेकचं काम चालू आहे. हॅचबॅक गेल्या रविवारी दिली. सेन्सरचं घेणाऱ्याला आधी सांगितलं, तो म्हणाला माझा मेव्हणा ऑटो इलेक्ट्रिशियन आहे.

झेनवाला:
सगळे एकमुखाने नको म्हणाले तीच गाडी. धन्य.

सुरक्षितअंतर:
निदान मागे-पुढे सीट बेल्ट नवीन घाला आणि जुन्या टायरवर घाटात जाऊ नका, तारीख बघा टायरची.

कार्बोरेटर_काका:
अभिनंदन! मूळची फियाट १२४ आहे ती, १९६७ ला युरोपात कार ऑफ द इयर झालेली. मी तर आधीपासून म्हणत होतो फियाटच घ्या.

कॉन्टेसाप्रेमी:
राहिलेल्या ९० हजारात रंग होणार नाही चांगला.

सातपूरकर:
रंग करायचाच नाहीये. मास्तरांच्या हातचा आहे तोच राहू दे. मला फक्त मागच्या डाव्या दिव्याची काच हवीये, तडा गेलाय. कोणाला कुठे मिळेल माहीत आहे का?

पत्रेवाला:
माझ्याकडे आहे. डावीच. २,२०० पडतील, कुरिअर वेगळं.