कुरळे केस अन् वॉर्डातली कटकट

नांदेडकरीण: जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला हाय, केस लै कुरळे, बन घातला तरी कपाळावर उठून उभेच. मॅडम म्हणायल्यात स्ट्रेटनिंग कर, नीटनेटकं दिसत नाही. करावंच लागतं का ओ?

लातूरची सिस्टर: काही गरज नाही. केस बांधलेले, कॉलरच्या वर पाहिजेत, पेशंटवर नाहीतर ड्रेसिंगवर पडू नयेत, बास. कुरळ्यानं इन्फेक्शन होत नसतं. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) मोठी बूफंट कॅप, म्हणजे ती फुगीर इलॅस्टिकवाली टोपी, माग, सगळे केस आत गेले पाहिजेत.

परभणीकर: माझी बहीण अमेरिकेत नर्स हाय, तिथल्या ब्लॅक नर्सेस बारीक वेण्या, लॉक्स (जटांसारख्या बटा), ट्विस्ट (पीळ दिलेल्या बटा) मागं बांधून ड्युटी करतात, पण त्यांनाही असंच ‘प्रोफेशनल दिसत नाही’ ऐकावं लागायचं, म्हणून तर कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये क्राऊन ॲक्ट केला, केसांच्या पोतावरून नोकरीत भेदभाव करायचा नाही. न्यूयॉर्क, न्यू जर्सीनंही त्याच वर्षी केला. आपल्याकडं मात्र मॅडम म्हणतील तोच कायदा 😄

नांदेडकरीण: कॅपखाली सॅटिनचं कापड चालतं का? घासून केस तुटायलेत.

लातूरची सिस्टर: रोज धुतलेलं अन् पूर्ण आत राहत असलं तर हरकत नसावी, आधी इन्चार्ज सिस्टरला विचार. अन् ओल्या केसांचा बन घालू नको.