घरगुती सर्व्हरसाठी सेंटओएस ७ च्या जागी काय घ्यावे?

मूळ लेख

घरी एक जुना संगणक अखंड चालू असतो. छायाचित्रांचा साठा सांभाळणे, इतर संगणकांचे बॅकअप घेणे आणि घरच्या नेटवर्कपुरता डीएनएस (नावांवरून पत्ते शोधून देणारी सेवा) चालवणे एवढीच त्याची कामे. २०१२ च्या पिढीतला प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि ४ टीबीच्या दोन डिस्क असा त्याचा संसार आहे. दोन्ही डिस्क एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने मिरर केलेल्या (म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर) असून वर एक्सएफएस ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) आहे. त्यावर चालणाऱ्या सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ रोजी थांबली. तेव्हापासून मी नुसता चालढकल करत आलो आहे, हे आधीच कबूल करतो.

माझे मत डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमच्या बाजूने आहे. घरगुती सर्व्हरकडे मालकाचे लक्ष वर्षातून फार तर दोन-तीन वेळा जाते, आणि दर वेळी मागचे निम्मे विसरलेले असते. त्यामुळे कोणती ऑपरेटिंग सिस्टिम अधिक समर्थ आहे यापेक्षा कोणती सिस्टिम माझ्या विसरभोळेपणाला अधिक सांभाळून घेईल, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. डेबियनमध्ये सुरक्षा अपडेट आपोआप बसवण्याची सोय आहे. शिवाय साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती आली की रिपॉझिटरीची (प्रोग्राम जिथून उतरतात त्या भांडारांची) यादी बदलून आहे त्याच जागी पुढे जाता येते आणि ती वाट अधिकृत आहे. नव्याने मांडामांड करावी लागत नाही. इतरांची मते, विशेषतः विरोधी मते, वाचायला आवडतील.

प्रतिसाद १

असहमत. विसरभोळेपणा हाच निकष असेल, तर तुम्ही अल्मालिनक्स ९ (सेंटओएसप्रमाणेच रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवर आधारलेली सिस्टिम) घ्यायला हवे. दहा वर्षे ज्या कुटुंबातली सिस्टिम वापरली तिच्या सवयी हाताला असतात. फायरवॉलच्या आज्ञा, एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेची लेबले, सेटिंगच्या फाइलींच्या जागा हे सगळे जवळपास तसेच राहील. डेबियनमध्ये एसईलिनक्सच्या जागी मूळचे ॲपआर्मर असते, म्हणजे तिथे पुन्हा पाटी कोरी. शिवाय अल्मालिनक्स ९ ला ३१ मे २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. डेबियन १३ ची नियमित मदत तीन वर्षांची आणि त्यानंतरची दीर्घकालीन मदत धरली, तरी गाडी २०३० च्या जूनपाशी थांबते.

एक सावधगिरी मात्र घ्या. रेड हॅटच्या आवृत्ती १० पासून प्रोसेसरची किमान अट वाढली असून तुमचा २०१२ चा प्रोसेसर त्या अटीत बसत नाही. अल्मालिनक्सने जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी उपलब्ध ठेवली आहे, पण तुमच्यासाठी ९ च सोयीची.

मूळ लेखकाचे उत्तर

सवयींचा मुद्दा मान्य. पण दहा वर्षे हात न लावता आले म्हणजे दहा वर्षांनी एकदम दहा वर्षांची उडी मारावी लागते, आणि मी आज नेमका त्याच काठावर उभा आहे. सेंटओएस ७ वरून ९ कडे जायचे तर एकतर मध्ये ८ ची पायरी घ्यावी लागते किंवा सगळे पुसून नव्याने बसवावे लागते. दर दोन वर्षांनी एक छोटी पायरी चढलेली मला परवडेल.

शिवाय एक जुनी सल आहे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत मदत मिळेल असे आधी सांगितले गेले होते. मग २०२० च्या डिसेंबरमध्ये ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल असे जाहीर झाले. २०२३ च्या जूनमध्ये रेड हॅटने आपल्या सिस्टिमचा मूळ सोर्स कोड मिळवण्याची वाटही अरुंद केली, तेव्हा अल्मालिनक्सला आपले उद्दिष्ट 'हुबेहूब प्रत' यावरून 'सुसंगत' असे बदलावे लागले. अल्मालिनक्सच्या संस्थेबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी ते संकट नीट निभावले. पण ज्या विहिरीचे पाणी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे तिच्यावर पुन्हा घर बांधावे का, हा प्रश्न उरतोच.

प्रतिसाद २

तुम्ही दोघे पॅकेज आणि तारखांवर वाद घालत आहात, आणि छायाचित्रे ज्या फाइलसिस्टिमवर आहेत तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. एमडीएडीएमच्या मिररमध्ये दोन डिस्कवरचा मजकूर वेगळा निघाला, तर त्यातला खरा कोणता हे त्याला कळत नाही, तो फक्त विसंगती मोजतो. एक्सएफएस स्वतःच्या नोंदींचा चेकसम (मजकूर बदलला का हे ओळखण्याचा आकडा) ठेवते, तुमच्या फाइलींमधल्या मजकुराचा ठेवत नाही. म्हणजे एखादे छायाचित्र डिस्कवर गुपचूप बिघडले, तर ते बिघडलेलेच वाचले जाईल आणि बॅकअपमध्येही तसेच जाईल. झेडएफएस ही फाइलसिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा (मजकुराच्या तुकड्याचा) चेकसम तपासते, आणि मिररमधली चांगली प्रत वापरून बिघडलेली दुरुस्त करते.

म्हणून माझे मत फ्रीबीएसडीला, म्हणजे लिनक्सहून वेगळ्या, युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमला. झेडएफएस तिथे २००८ पासून मूळ सिस्टिमचाच भाग आहे. परवान्याच्या अडचणीमुळे डेबियनमध्ये ते मुख्य भांडाराबाहेर राहते, आणि प्रत्येक नव्या कर्नलबरोबर (सिस्टिमच्या गाभ्याबरोबर) त्याचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) तुमच्याच यंत्रावर पुन्हा बांधले जाते. बांधणी फसली, तर रीस्टार्टनंतर साठाच दिसत नाही. फ्रीबीएसडीत अपडेटपूर्वीची सिस्टिम बूट एन्व्हायर्नमेंट म्हणून जपून ठेवता येते, आणि काही बिनसले तर बूटच्या वेळी जुनी निवडून काम पुढे चालू ठेवता येते. विसरभोळ्या मालकासाठी याहून मोठी सोय माझ्या माहितीत नाही. आणि झेडएफएसला 'दर टीबीमागे १ जीबी मेमरी' लागते ही धास्ती मनातून काढून टाका. डीडुप्लिकेशन (सारखा मजकूर एकदाच साठवण्याची सोय) चालू केले नाही, तर अशा घरगुती कामाला ८ जीबी पुरते.

प्रतिसाद ३

चेकसमबद्दलचे म्हणणे शंभर टक्के बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. डेबियन बसवले तर आहे तीच मिरर जोडी लगेच ओळखली जाईल आणि एक बाइटही हलवावी लागणार नाही. फ्रीबीएसडीत एक्सएफएसचा आधार फार पूर्वीच काढून टाकलेला आहे. म्हणजे सगळा साठा बाहेर काढून परत आत भरणे आले. तिसरी डिस्क नसेल, तर मिररमधली एक डिस्क सोडवायची, तिच्यावर नवा झेडएफएस पूल (साठा) करायचा, मजकूर उतरवायचा आणि मग दुसरी जोडायची. या सगळ्या वेळात छायाचित्रांची सुरक्षित जोडी कुठेच नसेल. मूक बिघाडाची भीती दाखवून एखाद्याला दोरीवरून चालायला लावण्यासारखेच हे झाले.

दुसरे असे की छायाचित्रांचे व्यवस्थापन करणारे बरेच नवे प्रोग्राम आजकाल डॉकरच्या कंटेनरमध्येच (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेल्या गाठोड्यातच) मिळतात, आणि डॉकर फ्रीबीएसडीवर थेट चालत नाही. फ्रीबीएसडीतली जेल (प्रोग्राम वेगळा कोंडून चालवण्याची सोय) ही सुंदर कल्पना आहे, पण त्यात सगळे हाताने मांडावे लागते. ते वर्षातून दोनदा सर्व्हरकडे बघणाऱ्याचे काम नव्हे.

अवांतर: डेबियन १३ मध्ये तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर आता मेमरीत राहतो आणि निम्म्या मेमरीपर्यंत वाढू शकतो. ८ जीबीच्या यंत्रावर मोठ्या फाइली तिथे उतरवण्याची सवय असेल, तर ती सेटिंग बदलून घ्या.

प्रतिसाद २ च्या लेखकाकडून

तिसरी डिस्क नसेल, तर आज त्यांच्याकडे बॅकअपच नाही, कारण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. म्हणजे तिसरी डिस्क कोणत्याही निवडीत आणावीच लागणार, आणि ती आणली की तुमचा दोरीचा दृष्टान्त गळून पडतो. डॉकरचा मुद्दा मात्र मान्य करतो.

मूळ लेखकाचे उत्तर

सर्व्हरवरच्या साठ्याची दुसरी प्रत खरोखरच कुठे नाही. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा क्रम बदलतो. आधी तिसरी डिस्क आणून तिच्यावर पूर्ण प्रत घेईन आणि निवडक छायाचित्रे उघडून पाहीन. त्यानंतर डेबियनच बसवेन, पण फाइलींच्या चेकसमची यादी करून ती दर महिन्याला आपोआप पडताळण्याची सोय लावेन. त्यातून दुरुस्ती होणार नाही, पण बिघाड निदान गुपचूप राहणार नाही. झेडएफएसचा विचार डिस्क बदलायची वेळ येईल तेव्हा करेन, कारण तेव्हा मजकूर हलवावाच लागेल.

प्रतिसाद ३ च्या लेखकाकडून

निघण्यापूर्वी तुमची एक्सएफएस जुन्या चौथ्या स्वरूपातली तर नाही ना, ते तपासा. सेंटओएस ७ च्या सुरुवातीच्या काळात बनवलेली असेल, तर तशी शक्यता आहे, आणि लिनक्स कर्नलमधून त्या स्वरूपाचा आधार २०३० मध्ये काढायचे ठरलेले आहे. तसे निघाले, तर तिसऱ्या डिस्कवर प्रत आहेच, लगेच नव्याने फॉरमॅट करा. आणि मिररचे नाव नव्या सिस्टिममध्ये १२७ असे भलतेच दिसू शकते, म्हणून माउंटच्या यादीत (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) लिहा.