मदत हवी आहे : एमबीए करताना कन्सल्टन्सीत अर्धवेळ रिक्रूटमेंट इंटर्नशिप घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एमबीए करतेय, पहिलं वर्ष, विषय एचआर. लेक्चर्स दुपारी एकला संपतात, म्हणून अर्धवेळ इंटर्नशिप शोधत होते. वाकडच्या एका छोट्या रिक्रूटमेंट कन्सल्टन्सीतून होकार आलाय. दुपारी दोन ते सहा, तीन महिने. नाव मुद्दाम देत नाही.

काम म्हणजे क्लायंट कंपनीचा जेडी (कोणत्या पदाला कसा माणूस हवा याचं वर्णन) आला की नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल्स शोधायचे, फोन करायचे, करंट सीटीसी (म्हणजे सध्याचं एकूण वार्षिक पॅकेज), एक्स्पेक्टेड, नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर किती दिवस थांबावं लागतं) विचारून एक्सेल ट्रॅकर भरायचा आणि इंटरव्ह्यू लाइन-अप करायचे, म्हणजे ठरवून द्यायचे. हे शिकायची हौस आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

स्टायपेंड मात्र नाही. 'पर जॉइनिंग' दोन हजार इन्सेंटिव्ह. त्यांचं जवळजवळ सगळं काम आयटीचं आणि तिथे नोटीस पिरियड साठ-नव्वद दिवसांचा. मी पहिल्याच आठवड्यात कोणाला शोधून काढलं तरी इंटरव्ह्यू, ऑफर, नोटीस होऊन तो जॉइन होईपर्यंत माझी इंटर्नशिप संपलेली! शिवाय आपली ऑफर दाखवून दुसरीकडून जास्त पगार पदरात पाडून घेणारे महाभाग असतातच. तिथल्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "देऊच गं, पळून जातोय का आम्ही?" लेखी काही नाही.

वर फोन माझा, सिमही माझं. दिवसाला पन्नास-साठ अनोळखी लोकांना फोन केले तर ट्रूकॉलरवर माझं नाव लाल व्हायला कितीसा वेळ लागणार? आणि परक्या लोकांचे रेझ्युमे माझ्या व्हॉट्सॅपवर पडून राहणार ते वेगळंच.

दुसरा पर्याय चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कारखान्याचा एचआर विभाग. आठवड्यातून दोनच दिवस, महिना पाच हजार. पण तिथे आयटीआय फिटर, सीएनसी ऑपरेटर, डिप्लोमा ट्रेनी यांची भरती आणि बरीचशी फायलींची कामं. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, आयटी रिक्रूटमेंटच सीव्हीवर दिसायला हवं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :
दहा वर्षं कन्सल्टन्सीत काढली आहेत, म्हणून त्यांची बाजू आधी सांगते. क्लायंट साधारण वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार फी देतो, पण उमेदवार जॉइन झाल्यावरच. बिलाचे पैसे यायला आणखी महिना-दीड महिना. त्यात तो तीनेक महिन्यांत सोडून गेला तर रिप्लेसमेंट फुकट द्यायची. त्यामुळे सगळेच जॉइनिंगवर अडून बसतात, त्यांना लगेच लबाड ठरवू नकोस.

पण ही जोखीम इंटर्नने का घ्यायची? इन्सेंटिव्ह लाइन-अपवर माग. क्लायंटने शॉर्टलिस्ट केलेला आणि इंटरव्ह्यूला प्रत्यक्ष हजर झालेला उमेदवार, त्यामागे ठरावीक रक्कम. तुझ्या हातात तेवढंच असतं. जॉइनिंगचं त्यांना द्यायचंच असेल तर 'इंटर्नशिप संपल्यावरही देय' हे शब्द ऑफर लेटरमध्ये हवेत. सिम त्यांचं, ईमेल त्यांचा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर परक्यांची माहिती स्वतःच्या फोनवर साठवण्याच्या भानगडीत पडू नये. आणि उमेदवारांकडून 'रजिस्ट्रेशन फी' घ्यायला सांगितलं तर त्याच दिवशी बाहेर पड.

प्रतिसाद :
मी चाकणचाच, प्लांट एचआरमध्ये आहे. फायलींना नाकं मुरडू नका ताई. आयटीवाला नोटीस बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून लवकर सुटणं) विचारतो, आमचा ऑपरेटर पहिला प्रश्न विचारतो "बस कुठून सुटते?" आणि दुसरा "ओटी मिळतो का?", म्हणजे ओव्हरटाइम. त्याचा मार्ग बसच्या रूटवर नसेल तर पगार कितीही सांगा, तो चौथ्या दिवशी येत नाही. जॉइनिंग, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), अ‍ॅप्रेंटिसचे करार हे सगळं एका टेबलावर बघायला मिळेल. कन्सल्टन्सीत उमेदवार जॉइन झाला की तुमचा त्याच्याशी संबंध जवळपास संपतो. फक्त चाकण चौकातल्या ट्रॅफिकचा हिशोब धरून निघा.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. ताई, लाइन-अपचं डोक्यातच आलं नव्हतं. दादा, ट्रेनी भरतीत इंटरव्ह्यूला बसू देतात का, की नुसती कागदपत्रं तपासायची? तेवढं कळलं तर चाकणकडे मन झुकतंय. तोवर वाकडला मेल टाकते : लाइन-अपवर इन्सेंटिव्ह, ऑफिसचं सिम आणि सगळं लेखी. मसुदा इथे टाकला तर कोणी नजर टाकाल का?