प्रतिसाद: एक विषय, एकच इयत्ता?

'एक विषय एकाच इयत्तेत संपवा, पुनरावृत्ती नको' हे वर कुणीतरी मांडलंय, ते पटलं नाही. इतिहासातला विषय पुढच्या इयत्तांत परत यायलाच हवा, फक्त मुलांकडून अपेक्षा वाढायला हवी.

आपला १७ सप्टेंबरच घ्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १९४८ मध्ये निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं तो. तिसरीत झेंडावंदन झालं, घरच्या म्हाताऱ्यांना दोन गोष्टी विचारल्या, बास. सहावीत नकाशा हवा: हैदराबाद संस्थानातले पाच मराठवाडी जिल्हे १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले, बिदर-गुलबर्गा म्हैसूरकडे गेले. सीमेवरल्या उदगीर-देगलूरच्या पोरांना हे सांगावंही लागत नाही, निम्मी सोयरीक तिकडचीच असते! नववीत मात्र खरं काम. देश स्वतंत्र झाल्यावर आपल्याला तेरा महिने का थांबावं लागलं? निजामाविरुद्ध लढणारी स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस, निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार, भारतीय सैन्याची 'पोलीस कारवाई' यांचा एकमेकांशी संबंध काय? आजोबांच्या ट्रंकेतला जमिनीचा कागद उर्दूत का? तो कागद वर्गात आणा, वाचून घ्या, आजोबांच्या आठवणीशी ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील तर उत्तमच, तिथूनच इतिहास सुरू होतो.

इयत्तावार निकष 'माहिती सांगतो' ते 'पुरावा तपासतो' असे चढते लिहा. पण प्रश्नपत्रिकेत परत 'टीपा लिहा'च आलं, तर सगळं मुसळ केरात.